मोराचा षड्ज आणि हत्तीचा निषाद

ताडोबाच्या तळ्याकाठी वैशाखातील पहाट उजाडत असता कानावर प्रथम येतो तो मोराचा केकारव. मागोमाग पलीकडच्या मोहाच्या झाडावरून कोकीळ साद घालू लागतो. पहिली साद मंद, दुसरी किंचित वर, तिसरी आणखी वर, आणि अशी चढता चढता ती एकाएकी तुटते. इतक्यात बांबूच्या बेटातून चितळाची तीक्ष्ण किंकाळी उठते. झाडाच्या शेंड्यावरचा वानर खकारतो. आणि घणावर हातोडा पडावा तसा सांबराचा खणखणीत 'ढांक' असा आवाज आला म्हणजे जंगलचा जाणता माणूस जागच्या जागी उभा राहतो. वाघ निघाला आहे. तो अजून कोणास दिसलेला नाही, त्याने स्वतः आवाजही काढलेला नाही. परंतु दुसऱ्यांच्या कंठातून त्याची वर्दी आली आहे. चितळ एखादे वेळी उगाच घाबरते, पण सांबर सहसा खोटे बोलत नाही, असा जुन्या शिकाऱ्यांचा अनुभव आहे.

चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ सालापर्यंत एकच होते. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचा हा सर्व मुलूख साग, बांबू, मोह आणि तेंदू यांच्या अरण्यांनी भरलेला. १९५५ साली येथे ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पुढे १९९५ साली ताडोबा-अंधारी हा व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. अशा प्रदेशात ध्वनी हा करमणुकीचा विषय नसतो. मोहफुले वेचावयास पहाटे निघालेली बाई, तेंदूपाने तोडणारा मजूर, धानाची राखण करणारा शेतकरी, यांना कान उघडे ठेवूनच वावरावे लागते. कोणता आवाज कोणाचा आणि तो का निघाला, हे ओळखण्यावर प्रसंगी जीव अवलंबून असतो.

आता या अरण्यातून थेट गायनाच्या वर्गात यावे. हार्मोनियमपुढे बसलेल्या मुलांना सा, रे, ग, म शिकविताना गुरुजी बहुधा एक गोष्ट सांगतात, ती अशी, की हे सात स्वर माणसाने पशुपक्ष्यांपासून घेतले. मोराने षड्ज दिला, कोकिळाने पंचम दिला, हत्तीने निषाद दिला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. परंतु एखादा चौकस मुलगा पुढच्या रविवारी मोराचा आवाज ऐकून येतो, हार्मोनियमवर षड्ज धरून पाहतो, आणि गोंधळून विचारतो, "गुरुजी, मोराचा सा कोणत्या पट्टीतला?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासारखे आहे. त्यासाठी आपले जुने ग्रंथ, पश्चिमेकडील वाद्यवृंद आणि चांद्याचे जंगल या तिन्हींकडे आळीपाळीने पाहावे लागेल.

प्रथम ग्रंथ. सामगायनाच्या शिक्षणासाठी रचलेल्या 'नारदीय शिक्षा' या ग्रंथात सात स्वरांचे सात धनी सांगितले आहेत. मोर षड्ज बोलतो, गाई ऋषभ हंबरतात, शेळ्यामेंढ्या गांधार काढतात, क्रौंच पक्षी मध्यम बोलतो, वसंतात कोकीळ पंचम गातो, घोडा धैवत व हत्ती निषाद उच्चारतो. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याचा आजा काश्मीरहून दक्षिणेत आलेला. तो स्वतः राजदरबारी हिशेबखात्याचा प्रमुख. या गृहस्थाने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानातील उत्तरेची व दक्षिणेची अशा दोन्ही संगीतपद्धती ज्याला आजही आधारग्रंथ मानतात, तो ग्रंथ असा महाराष्ट्रात, आजच्या दौलताबादेस जन्मला. शार्ङ्गदेवानेही सात प्राण्यांची यादी दिली आहे, पण तिच्यात दोन जागी फरक आहे. ऋषभ त्याने गाईऐवजी चातकाला दिला आणि धैवत घोड्याकडून काढून बेडकाच्या स्वाधीन केला.

हा फरक लहान दिसतो, पण विचार करावयास लावणारा आहे. घोड्याचे खिंकाळणे आणि बेडकाचे डरांव डरांव यांत ज्याला साम्य सापडेल असा कान विरळाच. दोन्ही ग्रंथकार जर तंबोरा घेऊन प्राण्यांचे आवाज मोजावयास बसले असते, तर त्यांचे उत्तर एकच आले असते. तेव्हा या याद्या मोजमापाच्या नव्हेत, एवढे येथेच लक्षात येते.

याहून मोठी अडचण स्वराच्या स्वरूपातच आहे. आपल्या संगीतात षड्जाची जागा ठरलेली नाही. गवई आपल्या गळ्याच्या मानाने तो काळी एकला धरील, गायिका काळी चार किंवा पांढरी पाचला धरील. ज्याने जो धरला तो त्याचा षड्ज. उरलेले स्वर त्या षड्जाशी असलेल्या नात्याने ओळखले जातात. षड्जाची कंपने दर सेकंदास २४० असतील, तर पंचमाची ३६० होतात, म्हणजे नेहमी दिडीने. पंचम हे जणू 'काका' या शब्दासारखे नात्याचे नाव आहे. पुतण्या असल्यावाचून काका होत नाही, तसा षड्ज असल्यावाचून पंचम होत नाही. आंब्यावर एकटा बसलेला कोकीळ कोणाच्या षड्जाच्या मानाने पंचम गातो, हे सांगता येणार नाही. शिवाय त्याचा आवाज एका जागी स्थिर राहतच नाही. तो मिंडेसारखा खालून वर ओढला जातो, आणि प्रत्येक सादेगणिक वर सरकतो. जाता जाता हेही सांगितले पाहिजे, की आपण जिला कोकिळा म्हणून वाखाणतो तो गाणारा पक्षी नर असतो. ठिपकेदार मादीचा आवाज तुटक 'किक् किक्' असा असून त्यात गाणे मुळीच नाही.

तेव्हा चौकस मुलाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की मोराचा सा कोणत्याच पट्टीत नाही. मग जुन्या आचार्यांनी हे सांगितले कशासाठी? त्याचा उलगडा होण्यासाठी ज्यांनी पशुपक्ष्यांचे आवाज खरोखरच वाद्यांतून काढण्याचा यत्न केला, त्या पाश्चात्त्य संगीतकारांकडे वळणे उपयोगी पडेल.

युरोपातील वाद्यवृंदात व्हायोलिनच्या जातीची तंतुवाद्ये, बासरी, ओबो, क्लॅरिनेट यांसारखी फुंकवाद्ये, पितळी कर्णे आणि नगारे असा मोठा मेळ असतो. या मेळातून प्राणी उभे करण्याच्या तीन निरनिराळ्या रीती आढळतात.

पहिली रीत स्वरांतराची. युरोपातील कुक्कू हा पक्षी दोनच स्वर काढतो, एक वरचा व एक खालचा. दोन्ही बऱ्यापैकी स्थिर असतात, त्यामुळे ते वाद्यावर जसेच्या तसे वाजविता येतात. जर्मन संगीतकार बेटोफेन याने १८०८ साली लोकांपुढे आणलेल्या 'पास्टोरल', म्हणजे ग्रामजीवनाच्या सिंफनीत ओढ्याकाठचा एक प्रसंग आहे. त्याच्या अखेरीस सगळा वाद्यवृंद थांबतो आणि तीन पक्षी बोलतात. बासरी नाइटिंगेल होते, ओबो लावा पक्षी होतो आणि क्लॅरिनेट कुक्कू होतो. पक्ष्यांची नावे बेटोफेनने स्वरलिपीतच लिहून ठेवली आहेत. असे असूनही, हे चित्र रंगविणे नसून मनातील भाव व्यक्त करणे आहे, अशी सूचना देण्यास तो चुकला नाही. ही रचना झाली त्या सुमारास त्याचे कान बरेच गेलेले होते. त्यापूर्वी सहा वर्षे, १८०२ साली, त्याने आपल्या भावांसाठी लिहून ठेवलेल्या एका पत्रात हे दुःख बोलून दाखविले आहे, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दूरच्या मेंढपाळाचे गाणे ऐकू येते आणि आपल्याला काहीच येत नाही. ज्याला पक्षी ऐकू येईनासे झाले होते त्याने ते वाद्यवृंदात आणून ठेवले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तीन सादांकडे निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते.

दुसरी रीत पोताची. शेळीमेंढीचा आवाज कोणत्या स्वरात आहे यापेक्षा तो कसा थरथरतो, यावरून आपण तो ओळखतो. रिचर्ड श्ट्राउस याने १८९७ साली रचलेल्या 'डॉन किहोटे' या कृतीत वेडा वीर मेंढ्यांच्या कळपाला शत्रुसैन्य समजून त्यावर चालून जातो. तेथे संगीतकाराने पितळी वाद्यांच्या तोंडाशी बोळे घालून, वादकांना जीभ फडफडवीत फुंकावयास सांगितले आहे, आणि त्यातून हुबेहूब 'बेंबें' उठते. त्याआधी दीडशे वर्षे, १७४५ साली, रामो या फ्रेंच संगीतकाराने 'प्लाते' नावाच्या संगीतनाटकात दलदलीतील बेडकांना वाद्यवृंदातून ओरडावयास लावले होते. अशा ठिकाणी सूर शोधू जाणे व्यर्थ होय. सगळी करामत खरखरीत असते.

तिसरी रीत चालीची. प्राण्याचा आवाज न काढता त्याची हालचाल स्वरांत उतरवावयाची. फ्रेंच संगीतकार सँ-साँ याने १८८६ साली 'प्राण्यांची जत्रा' या अर्थाची एक विनोदी रचना केली. ती थट्टेची असल्यामुळे, तिच्यातील 'हंस' हा एक भाग सोडून बाकीची रचना आपल्या हयातीत छापू नये असे त्याने ठरविले, आणि ती त्याच्या मृत्यूनंतर १९२२ साली प्रसिद्ध झाली. तीत हत्तीची भूमिका डबल-बेस या सर्वांत खर्ज व अवजड तंतुवाद्याला दिली आहे. गंमत अशी, की ते वाद्य दुसऱ्या संगीतकारांच्या अगदी नाजूक, पऱ्यांच्या नाचाच्या चाली वाजविते. त्यामुळे हत्ती गिरकी घेऊ लागल्याचा भास होतो. हत्तीचा चीत्कार त्यात कोठेही नाही. हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या १७९८ सालच्या 'सृष्टी' या महागीतात सिंह गर्जना करतो ती जड पितळी वाद्यांतून. वाघाला मात्र गर्जना दिलेलीच नाही. तंतुवाद्यांची एक झपाट्याने वर जाणारी लहर उठते आणि वाघ झेप घेऊन गेलेला असतो. हायडनने वाघाचे अरण्य कधी पाहिले नव्हते. पण ताडोबातील वनरक्षकास हे चित्रण पटेल. वाघ अंगावर येतो तो आवाज न करता.

या तीन रीती मनात ठेवून आता पुन्हा आपल्या यादीकडे यावे, आणि तिच्यातील प्राणी चांद्याच्या जंगलात व शिवारात एकेक करून ऐकावेत.

मोराचा केकारव दूरवर जातो आणि तो लांबलेला असतो. पावसाळ्यापूर्वी ढग दाटले म्हणजे त्याला ऊत येतो. या केकांवरूनच मोरोपंतांनी आपल्या काव्यास 'केकावली' हे नाव दिले. चातक हा काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो आणि विदर्भात तो मृगाच्या सुमारास बोलू लागतो. त्याच्या सोबतीने पावशाही ओरडतो; 'पेर्ते व्हा' हे शब्द मराठी शेतकऱ्याने त्याच्याच तोंडी घातले आहेत. शार्ङ्गदेवाने ऋषभ गाईकडून घेऊन चातकाला दिला खरा, पण ऋषभ या शब्दाचा अर्थच बैल असा आहे. त्यामुळे नारदाची जुनी जोडी नावावरूनच सुचलेली दिसते. पाऊस पडून बांध्यांत पाणी साचले की बेडकांचा मेळा सुरू होतो. विणीच्या काळात मोठे बेडूक हळदीसारखे पिवळे होतात आणि रात्रभर डरांव डरांव करतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सूक्त आहे. त्यातील ऋषीने कोणी बेडूक गाईसारखा हंबरतो, कोणी बोकडासारखा ओरडतो, असे त्यांचे पोत वेगळे करून सांगितले आहेत. इतक्या जुन्या काळी इतक्या बारकाईने बेडूक ऐकणारे लोक स्वर आणि आवाज यांत घोटाळा करतील, हे संभवत नाही.

यादीतील सर्वांत मोठे कोडे हत्तीचे. सात स्वरांतील सर्वांत उंच जो निषाद, तो सर्वांत अवाढव्य प्राण्याला कसा? सँ-साँने हत्तीला खर्ज दिला, आपल्या आचार्यांनी उंच निषाद दिला, बरोबर कोण? हत्तीच्या कंठात दोन्ही आहेत, हे त्याचे उत्तर आहे. भ्याला किंवा चवताळला म्हणजे तो सोंडेतून जो चीत्कार करतो तो कर्ण्यासारखा उंच व तीव्र असतो. पण एरवी कळपातील हत्ती आपसांत बोलतात ते घुमणाऱ्या खर्जात, आणि त्यातील पुष्कळसा भाग माणसाला ऐकूच येत नाही. १९८४ साली केटी पेन ही अमेरिकन संशोधिका पोर्टलंड येथील प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभी असता तिला हवेत नुसती स्पंदने जाणवली. लहानपणी प्रार्थनामंदिरात मोठ्या ऑर्गनच्या खर्जाच्या नळ्यांनी छातीत जशी थरथर होई तशीच ती होती. पुढे यंत्राने नोंदी घेतल्यावर १९८६ साली सिद्ध झाले, की हत्ती दर सेकंदास १४ ते २४ कंपने इतक्या खालच्या नादात बोलतात. माणसाचा कान साधारणपणे २० कंपनांच्या खाली काम करीत नाही. असा नाद झाडीत अडत नाही, दूर जातो; म्हणून अरण्यात विखुरलेला कळप एकमेकांना सांभाळून असतो.

गडचिरोलीत ही माहिती पुस्तकी राहिलेली नाही. तेथे कमलापूर येथे वनखात्याचे पाळीव हत्ती पूर्वीपासून आहेत. लाकडे ओढण्याच्या कामी त्यांचा उपयोग होई. परंतु २०२१ साली छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा एक कळप जिल्ह्यात उतरला आणि रेंगाळला. हाताशी आलेले धान तुडविले गेले, घरे मोडली, काही माणसेही दगावली. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या वाघाची चाहूल सांबराच्या आवाजावरून ओळखली, त्यांना हत्तीची चाहूल कशावरून ओळखावी याचा पाठ नव्याने घ्यावा लागला. मोडणाऱ्या बांबूचा कडकडाट, पोटातून आल्यासारखी घरघर, आणि मग चीत्कार. चीत्कार कानी पडेपर्यंत पळण्यास बहुधा उशीर झालेला असतो.

राहिला क्रौंच. वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक ज्याच्या वधाने झाला तो हा पक्षी. तो नेमका कोणता याविषयी पंडितांत मतभेद आहेत; पण पुष्कळांची दृष्टी सारसाकडे किंवा त्याच्या जातभाईंकडे वळते. सारसाची श्वासनलिका फार लांब असून तिची वेटोळी उरोस्थीच्या पोकळीत बसविलेली असतात. वाद्यवृंदातील हॉर्न नावाच्या पितळी वाद्याची लांब नळी अशीच गुंडाळलेली असते. नर आणि मादी मिळून साद घालतात, एकाच्या आवाजात दुसरा आपला आवाज मिसळतो, आणि त्यांचे ते युगुलगान धानाच्या बांध्यांवरून पार दुसऱ्या गावापर्यंत जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील मामा तलावांच्या आणि बोड्यांच्या काठी सारस पूर्वी दिसत असत. महाराष्ट्रात आता ते मुख्यतः गोंदिया आणि थोडे भंडारा या जिल्ह्यांत, मोजकेच उरले आहेत. त्यांच्या रक्षणाचा प्रश्न २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन हाती घेतला. क्रौंच म्हणजे सारसच असेल, तर सप्तस्वरांतील मध्यम चांद्याच्या शिवारातून जवळजवळ नाहीसा झाला, असे म्हणावे लागते.

आता मूळ प्रश्न. स्वर आणि प्राणी यांची सांगड आचार्यांनी का घातली, याची किल्ली दुसऱ्या एका जुन्या ग्रंथात सापडते. 'पाणिनीय शिक्षा' हा उच्चारशास्त्राचा ग्रंथ. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत या उच्चारांना किती वेळ लावावा, हे विद्यार्थ्याला सांगावयाचे होते आणि घड्याळ तर नव्हते. तेव्हा आचार्यांनी सांगितले, की चाष पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन मात्रा, मोर तीन मात्रा आणि मुंगूस अर्धी मात्रा. चाष म्हणजे नीलकंठ. दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन शुभ मानतात तोच. ही मापे काटेकोर नाहीत, परंतु उपयोगी आहेत. गुरुकुलाच्या आवारात हे चारही प्राणी रोज ऐकू येत, आणि एकदा ऐकलेला आवाज मुलगा जन्मभर विसरत नाही.

स्वरांची यादीही याच घराण्यातली दिसते. ज्या काळी विद्या लिहून ठेवण्यापेक्षा पाठ करण्यावर भर होता, त्या काळी सात अमूर्त नावे मुलाच्या मनात बसविण्यासाठी सात सजीव खुंट्या ठोकल्या. मोर म्हटले की षड्ज आठवावा, हत्ती म्हटले की निषाद आठवावा. यादी रचताना कोठे शब्दार्थ उपयोगी पडला, कोठे पोत आणि कोठे ऋतू. आणि एका आचार्याच्या गावी घोडे अधिक असतील, तर दुसऱ्याच्या गावी बेडूक. पाश्चात्त्य संगीतकाराने प्राणी वाद्यांत आणला तो श्रोत्यास ओळखू यावा म्हणून. आपल्या आचार्याने प्राणी स्वराशेजारी उभा केला तो शिष्यास स्वर आठवावा म्हणून. दोघांचे हेतू भिन्न आहेत, म्हणून एकाच्या मापाने दुसऱ्यास खोटे ठरविणे योग्य नव्हे. मात्र मुलांना शिकविताना "मोर षड्ज गातो" हे शास्त्रीय सत्य म्हणून न सांगता, ही पूर्वजांची आठवणीची युक्ती म्हणून सांगावी, आणि मग मुलांना मोर ऐकावयास पाठवावे.

हे दोन प्रवाह पुढे एका ठिकाणी येऊन मिळाले, आणि तेही फ्रान्समध्ये. ऑलिव्हिए मेसियाँ हा १९०८ साली जन्मलेला फ्रेंच संगीतकार पक्ष्यांचा मोठा नादी होता. कागद घेऊन तो पहाटे शेतात व रानात जाई आणि पक्ष्यांचे गाणे स्वरलिपीत टिपून घेई. पक्षी गातात त्या उंचीवर व त्या वेगाने वाद्ये वाजू शकत नाहीत. म्हणून तो ते गाणे खालच्या सप्तकात आणी, त्याची गती मंद करी, पण अंतरांची प्रमाणे राखी. याच मेसियाँच्या हाती तरुणपणी एका फ्रेंच संगीतकोशात छापलेले कोष्टक पडले. ते होते शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त दिलेल्या १२० देशी तालांचे. त्या तालांनी त्याला जन्मभर झपाटले. १९५६ साली त्याची 'वाझो एग्झोतीक', म्हणजे 'परदेशी पक्षी', ही पियानो व वाद्यवृंदासाठी केलेली रचना पॅरिसमध्ये प्रथम वाजविली गेली. तीत तंतुवाद्ये मुळीच नाहीत. फुंकवाद्ये, घंटा, झायलोफोन आणि तालवाद्ये आहेत. फुंकवाद्यांतून आणि पियानोतून जे पक्षी गातात त्यांत हिंदुस्थानचा शामा आहे. हा गोड गळ्याचा, लांब शेपटीचा पक्षी मध्य हिंदुस्थानच्या बांबूच्या जंगलांतही आढळतो. आणि त्या पक्ष्यांच्या गाण्याखाली तालवाद्ये जे ताल धरतात, त्यांत प्राचीन ग्रीक वृत्तांच्या जोडीला शार्ङ्गदेवाचे देशी ताल आहेत. देवगिरीच्या हिशेबनिसाचा ताल आणि आपल्या रानातला शामा यांची गाठ सातशे वर्षांनी पॅरिसच्या रंगमंचावर पडली. आपल्याकडील किती गायनशाळांत हे सांगितले जाते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मेसियाँजवळ दोन गोष्टी होत्या. एक कोष्टक आणि एक रान. कोष्टक ग्रंथालयात टिकते. रानाचे तसे नाही. चंद्रपूरच्या आसमंतात कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीजकेंद्र आहे, अरण्यातून गोंदिया-बल्लारपूरची रेल्वे धावते. या गोष्टींवाचून शहरातील घरांत दिवा लागत नाही, हेही खरे. परंतु यंत्रांचा अखंड खर्ज आणि पक्ष्यांचे गाणे एकाच हवेतून जाते, आणि त्यात ज्याचा आवाज लहान तो दबतो. सारसाचा आवाज लहान नव्हता, तरी तो गेला. कारण त्याला घरटे करावयास बांधीतील पाणी आणि निवांतपणा लागतो. एखादा पक्षी नाहीसा झाला की त्याच्याबरोबर एक साद जाते, आणि मग श्लोकातील त्याचे नाव नुसते पाठ करावयाचे उरते. ज्या मुलाने क्रौंच कधी ऐकला नाही त्याला क्रौंचाचा मध्यम सांगणे म्हणजे न पाहिलेल्या गावचा पत्ता सांगण्यासारखे आहे.

'पाणिनीय शिक्षे'तच आणखी एक दृष्टांत आहे, आणि तो या अरण्याला शोभण्यासारखा आहे. अक्षरे कशी उच्चारावीत हे सांगताना आचार्य म्हणतात, की वाघीण आपली पिल्ले दाढांत धरून नेते त्याप्रमाणे. पिल्लू खाली पडू नये आणि त्याला दातही लागू नये. ज्याने हा दृष्टांत लिहिला त्याने वाघिणीला पिल्ले हलविताना पाहिले असले पाहिजे, किंवा पाहिलेल्याकडून ऐकले असले पाहिजे. ताडोबात तशी वाघीण आजही पाहावयास मिळते, आणि ती निघाली की सांबर 'ढांक' करून सर्वांना कळविते. सुटीत मुलांना तिकडे नेणाऱ्या पालकांनी वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून परत येऊ नये. गाडी थांबवावी, बोलणे बंद करावे, आणि घटकाभर मुलांना नुसते ऐकावयास सांगावे. सात आवाज ओळखून मोजता आले, तर गायनाचा पहिला पाठ तेथेच झाला असे समजावे.